जाम नदीतला पळस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या सुमारास, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे एक झाड रोवतात. त्यावर झेंडा चढतो, पूजा होते आणि मग दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. हीच ती गोटमार. झाड तोडून आणले की ते चंडीमातेच्या देवळात जाते. दरवर्षी बातमी होते ती फुटलेल्या डोक्यांची आणि जमावबंदीची. त्यात जीवही गेले आहेत, त्यामुळे या खेळाचे कौतुक माझ्याने होत नाही. पण झाडाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून 2023 साली वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, बोली मात्र वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. संत्र्याच्या बागा सोडल्या तर धुऱ्यावर, नाल्याकाठी, पडीक रानात पळस दिसतोच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, तेव्हा हळद-तूप लावायला त्याचेच पान हाती येते. ‘पळसाला पाने तीनच’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने पान एकच, पर्णिका तीन.

हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत आणि पूर्वेला म्यानमारच्या पलीकडेही पळस आहे. काळ्या चिकण जमिनीत, पाणी साचते तिथेही तो तग धरतो. त्याची चपटी शेंग हातात घेऊन पाहा: बी एकच, तेही टोकाला, बाकीचा भाग कागदासारखा हलका. उन्हाळ्याच्या वाऱ्याने ती दूर जाऊन पडते आणि पावसाच्या पहिल्या सरींनी बी रुजते. ढोरे या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ रानातही रोप वाचते.

त्याची खरी ताकद मात्र जमिनीखाली आहे. बुंधा तोडला तर खोडाला धुमारे फुटतात आणि पसरलेल्या मुळांतून लांबवरही नवी रोपे वर येतात. नांगराच्या फाळाने मूळ दुखावले की धुऱ्यावर पळस वाढतो, ही शेतकऱ्याची डोकेदुखी.

पाहायचा असेल तर गोटमारीला येऊ नका. फाल्गुनात या, सौंसर-पांढुर्णा रस्त्याने. तेव्हा झाडावर पान नसते, नुसती फुले असतात.