रंग लागलेली भेग

27 मार्च 1980. उत्तर समुद्रात तेलविहिरींवरच्या कामगारांच्या मुक्कामासाठी उभ्या असलेल्या ‘अलेक्झांडर किएलँड’ या नॉर्वेच्या तरंगत्या प्लॅटफॉर्मचा एक आधारदंड संध्याकाळी तुटला. पाठोपाठ बाकीचे दंड गेले, मग एक अख्खा पाय. प्लॅटफॉर्म उलटला, 212 पैकी 123 माणसं गेली.

भेग सुरू झाली होती एका क्षुल्लक जोडातून. हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) बसवायला त्या दंडावर एक तुकडा जोडला होता, 6 मिलिमीटरच्या फिलेट वेल्डने. चौकशीत भेगेच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे प्लॅटफॉर्म रंगवला तेव्हाच ती उघडी होती!

रंगाआधी साधी डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट झाली असती तर? जोड स्वच्छ करून त्यावर लाल द्रव लावतात. केसाएवढ्या फटीतही तो शिरतो. काही मिनिटांनी पुसून पांढरा डेव्हलपर फवारला की फटीतला लाल वर येतो आणि रेघ उमटते. पोलादावर चुंबकीय चाचणीही चालते: भेगेपाशी लोहचूर्ण गोळा होतं. स्टेनलेस स्टीलच्या नेहमीच्या 304 ग्रेडवर मात्र ती निरुपयोगी.

जोडाच्या पोटातले दोष शोधायला रेडिओग्राफी. पाइपलाइनवर इरिडियम-192ची गॅमा किरणं वापरतात; भारतात हा स्रोत वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून मिळतो. त्याची ताकद दर 74 दिवसांनी निम्मी होते, त्यामुळे शॉटचा (फिल्मवर किरणं सोडण्याचा) वेळ वाढवत न्यावा लागतो. आसपासचा परिसर रिकामा करावा लागत असल्याने हे काम बहुधा रात्री चालतं. फिल्मवर हवेचे बुडबुडे, अडकलेला स्लॅग (वेल्डिंगचा मळ) छान दिसतो. पण किरणांना आडवी गेलेली बारीक भेग त्याच फिल्मवर बेमालूम लपते, आणि धातूच्या जोडात सर्वांत घातक दोष भेगच. म्हणून ‘एक्स-रे क्लिअर आहे’ एवढ्यावर विसंबणं धोक्याचं. तिथे अल्ट्रासॉनिक चाचणी हवी: 45, 60 वा 70 अंशांचा प्रोब फिरवत ध्वनिलहरी सोडायच्या आणि पडद्यावर परतीचा प्रतिध्वनी वाचायचा. त्याला सरावलेला माणूस लागतो.

वेल्डरची परीक्षा याहून रांगडी असते. त्याच्या जोडाची पट्टी 180 अंशांत वाकवतात. ‘एएसएमई’ या अमेरिकी अभियंता-संघटनेच्या नियमानुसार वाकलेल्या भागावर 3 मिलिमीटरहून मोठी फट उघडली, तर तो नापास.