लॅपटॉप घेताना आधी पोत, मग रंग

आम्ही कापडवाले. ताग्याचा रंग पाहण्याआधी पोत चिमटीत धरून पाहतो. पण मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला गेलो, तेव्हा हा धडा विसरलो. रमजानच्या हंगामातून बाजूला काढलेली रक्कम खिशात होती. मोठी स्क्रीन आणि कमी किंमत पाहून एक जुना लॅपटॉप पसंतही केला.

मुलगी तो उचलून म्हणाली, "अब्बा, अडीच किलोचं ओझं रोज एस.टी.तून कसं नेऊ?" मग तिने प्रोसेसर विचारला. इंटेलचा, सहाव्या पिढीचा निघाला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी तरी लागते. म्हणजे स्वस्तातला हा माल लवकरच अडगळीत जाणार होता!

व्यापारी व कारागीर बांधवांनी ध्यानात ठेवावे : वजन दीड किलोच्या आसपास, रॅम किमान ८ जीबी आणि ती पुढे वाढवता येते का याची चौकशी, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, पक्के बिल आणि वॉरंटी. मुख्य म्हणजे, मुलांना सोबत न्यावे. या मालाची पारख त्यांना आपल्यापेक्षा अधिक आहे.