कलम ६४ अ कोणासाठी?

चित्रपटसृष्टीतील एखादी प्रसिद्ध व्यक्ती अमली पदार्थांच्या प्रकरणी पकडली गेली आणि चार दिवसांत सुटली, की चौकाचौकांतून एकच उद्गार ऐकू येतो : मोठ्यांना न्याय वेगळा, गरिबांना वेगळा. हा उद्गार अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही; परंतु तो बहुधा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो.

अभिनेते शाहरुख खान यांचे पुत्र आर्यन यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत अटक झाली. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते कोठडीत होते आणि मे २०२२ मध्ये तपास यंत्रणेनेच पुराव्याअभावी त्यांच्यावर आरोप ठेवले नाहीत. यास कृपा म्हणणे हा विपर्यास होय. विनोदी अभिनेत्री भारती सिंग यांच्या घरी व कार्यालयात नोव्हेंबर २०२० मध्ये ८६.५ ग्रॅम गांजा सापडल्याचे सांगण्यात आले. त्यांना व त्यांच्या पतीस दोन दिवसांत जामीन मिळाला. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या लेखी 'अल्प प्रमाण' ठरतो हे ध्यानी घेता त्यातही नवल नव्हते.

खरे बोधप्रद प्रकरण फरदीन खान यांचे. मे २००१ मध्ये मुंबईत सुमारे एक ग्रॅम कोकेनच्या प्रकरणी त्यांना अटक झाली. पुढे त्यांनी केईएम रुग्णालयात व्यसनमुक्तीचा उपचार घेतला आणि मार्च २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना खटल्यातून अभय दिले. लोक चकित झाले. पण न्यायालयाने कोणतीही नवी वाट काढली नव्हती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४ अ आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालू नये, असे ते सांगते. त्यात अभिनेत्यांचा उल्लेख कोठेही नाही.

मग आमच्या वर्धा जिल्ह्यात हे कलम किती जणांच्या कानावर गेले आहे? येथे जवळजवळ अर्धशतक दारूबंदी आहे. हातभट्टीवरील छापे आणि जमिनीवर ओतून दिलेला मोहाचा सडवा ही येथील वृत्तपत्रांची नित्याची बातमी. नशेच्या गुन्ह्यात पोलिसांशी गाठ पडणे म्हणजे काय, हे खेडोपाडी सर्वांस ठाऊक आहे. (दारूचे खटले निराळ्या कायद्याखाली चालतात, हा भाग अलाहिदा.) परंतु चिलीम ओढताना पकडलेला हिंगणघाटचा हमाल किंवा आर्वीचा शेतमजूर घ्या. प्रत्येक तारखेस त्याची दिवसाची मजुरी बुडते. दोन-तीन तारखांनंतर कोणी तरी त्याच्या कानात सांगते, 'कबूल कर आणि मोकळा हो.' तो कबूल करतो, दंड भरतो आणि दोषी म्हणून त्याचे नाव कायमचे नोंदले जाते. व्यसन मात्र जागच्या जागी राहते. अभिनेत्यास जे वकील सांगतो, ते यास कोणीच सांगितलेले नसते.

दोष सिद्ध झाल्यावरही सारे संपत नाही. कलम ३९ अन्वये अशा व्यसनी माणसास तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. व्यसन हे दुर्गुणापेक्षा रोगच अधिक, असे गांधीजी मानीत. १९३६ पासून ते ज्या सेवाग्रामात राहिले, त्या गावाच्या जिल्ह्यात तरी या दोन कलमांवर धूळ बसू नये.

म्हणून नटनट्यांना अधिक कठोर शिक्षा व्हावी, अशी मागणी आम्ही करीत नाही. त्यांना मिळालेली सवलत काढून घेतल्याने आर्वीच्या मजुरास काय मिळणार? मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद ३९ अ मध्ये नमूद आहे आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणही आहे. प्राधिकरणाच्या वकिलाने अशा आरोपीस पहिल्याच तारखेस गाठावे, कबुली देण्यापूर्वी ६४ अ म्हणजे काय ते त्यास वऱ्हाडी बोलीत समजावून सांगावे, आणि मान्यताप्राप्त उपचारकेंद्राचे नाव व तेथे जाण्याची वाट लिहून त्याच्या हाती द्यावी. जिल्हा शल्यचिकित्सकांनी अशा केंद्रांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत लावण्याची व्यवस्था करावी. यासाठी ना नवा कायदा लागतो, ना मुंबईची परवानगी.