'म्हणे' गळाले तेव्हा

मराठीत 'म्हणे' हा मोठा सोयीचा शब्द आहे. 'त्यांच्याकडे म्हणे पाहुणे आलेत' असे म्हटले, की बातमी पोचते आणि जबाबदारी मात्र आपल्यावर येत नाही. गुप्तहेर खात्यांचे बरेचसे कामकाज या 'म्हणे'वरच चालते, आणि त्यात गैर काही नाही. परक्या मुलखातल्या बंद दारामागचे कोणी सहसा प्रत्यक्ष पाहिलेले नसते. गडबड होते ती हा शब्द खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर जाताना गळून पडला, की. २००३ च्या इराक युद्धाविषयीचे चौकशी अहवाल चाळताना मला ठायी ठायी हेच दिसले.

५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोलले, ते अनेक वाचकांना आठवत असेल. बोटांत धरलेली ती छोटी कुपी, आणि पाठीमागे बसलेले सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट! ट्रकवर बसवलेल्या फिरत्या प्रयोगशाळांत सद्दाम जैविक अस्त्रे बनवतो, असे पॉवेल यांनी ठामपणे सांगितले. याचा मुख्य साक्षीदार कोण? जर्मनीत आश्रय मागायला आलेला एक इराकी इंजिनिअर, टोपणनाव 'कर्व्हबॉल'. त्याच्या जबान्या घेतल्या जर्मन हेरखात्याने. सीआयएला युद्धापूर्वी त्याच्याशी थेट बोलताही आले नव्हते. २०११ मध्ये त्याने 'गार्डियन' या वृत्तपत्राला सांगून टाकले, की सद्दामची राजवट जावी म्हणून ही कथा आपणच रचली होती.

आपल्याकडे 'ध चा मा' करण्याची आख्यायिका पेशवाईपासून प्रसिद्ध आहे. त्यात निदान एक अक्षर तरी खरे होते. इराकने नायजर देशातून युरेनियम मागवल्याची म्हणून जी कागदपत्रे फिरत होती, ती मुळातच बनावट निघाली. २००० सालच्या एका पत्रावर १९८९ मध्येच पद सोडलेल्या मंत्र्याची सही! आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख एल बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी हे जाहीर केले. गंमत अशी, की ऑक्टोबर २००२ मधल्या भाषणातून युरेनियमचा उल्लेख सीआयएने स्वतःच काढायला लावला होता. तरी जानेवारीत अध्यक्ष बुश यांच्या भाषणात तो परत आला, 'ब्रिटिश सरकारला कळले आहे' अशा आडोशाने.

अॅल्युमिनियमच्या नळ्यांचेही तेच. त्या अणुबॉम्बच्या कामाच्या नसून साध्या अग्निबाणांच्या असाव्यात, असे अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचे म्हणणे होते. गुप्त अहवालात ते नोंदलेलेही होते. पण तळटीप कोण वाचतो?

संशय अगदीच निराधार होता, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. सद्दामने १९८८ मध्ये हलब्जा येथे विषारी वायू वापरून हजारो कुर्दांना मारले होते, पुढे तपासनीसांना वर्षानुवर्षे चकवले होते. परंतु संशय आणि खात्री यांत अंतर असते, आणि आगाऊ युद्धात सारा डोलारा त्या अंतरावरच उभा असतो. शत्रू चालून आला तर तो डोळ्यांना दिसतो. तो पुढेमागे चालून येईल म्हणून आजच मारायचे, तर हाती केवळ कागद असतो. तो तपासायला सवड मात्र होती. हान्स ब्लिक्स यांच्या पथकाने सुमारे ५०० ठिकाणी ७०० च्या आसपास तपासण्या केल्या, अस्त्रांचे साठे सापडले नाहीत, आणि ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते. २० मार्चला बॉम्ब पडू लागले. पुढच्या वर्षांत एक लाखाहून अधिक इराकी नागरिकांचे आणि जवळपास साडेचार हजार अमेरिकी सैनिकांचे प्राण गेले.

त्याच एप्रिलमध्ये, मनोहर जोशी सभापती असताना, आपल्या लोकसभेने या हल्ल्याची 'निंदा' केली. त्या एका शब्दावर बरीच घासाघीस झाली होती. शब्द तोलण्याची ती चिकाटी वॉशिंग्टन-लंडनमध्ये दिसली असती, तर! ब्रिटनच्या चिलकॉट समितीनेही २०१६ मध्ये नेमके हेच नोंदवले, की धोक्याविषयी दाखवलेल्या खात्रीला आधार नव्हता.

साठ्यांचे काय झाले होते? अमेरिकेच्याच शोधपथकाचे प्रमुख चार्ल्स ड्यूल्फर यांनी २००४ मध्ये सांगितले, की रासायनिक अस्त्रांचे साठे इराकने १९९१ मध्येच नष्ट केले होते. सद्दाम याबाबत संदिग्ध का राहिला? शेजारच्या इराणला धाक वाटत राहावा म्हणून!