कोकोतील फ्लॅव्हॅनॉले व हृदयस्वास्थ्य

कोको वृक्षाच्या (थिओब्रोमा कॅकाओ) बियांतील एपिकॅटेचीन, कॅटेचीन व त्यांच्या जोडणीतून बनलेली प्रोसायनिडिने या कडवट-तुरट संयुगांना फ्लॅव्हॅनॉले म्हणतात. त्यांच्यामुळे रोहिण्यांच्या अंतःस्तरात नायट्रिक ऑक्साइडाची उपलब्धता वाढते, भित्तीतील स्नायू शिथिल होतात व रोहिण्या विस्फारतात. यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये या परिणामासाठी रोज २०० मिग्रॅ. मात्रा ग्राह्य मानली. मुख्यतः निरोगी प्रौढांवरील ३५ चाचण्यांच्या कॉक्रेन समीक्षेत (२०१७) रक्तदाबातील सरासरी घट पाऱ्याच्या सु. १·८ मिमी. एवढीच आढळली, मूळचा रक्तदाब प्राकृत असणाऱ्यांत ती नगण्य होती.

अमेरिकेतील २१,४४२ वयस्कांवरील चाचणीत (२०२२) सुमारे निम्म्या व्यक्तींना रोज ५०० मिग्रॅ. फ्लॅव्हॅनॉले दिली गेली. सु. ३·६ वर्षांत हृदय व रोहिण्यांच्या एकूण विकारांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय घट झाली नाही. या विकारांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी आढळले. तथापि ती चाचणीची मुख्य कसोटी नव्हती.

बिया आंबविणे, भाजणे व विशेषतः कोकोवर क्षारसंस्करण करणे यांमुळे फ्लॅव्हॅनॉले घटतात. त्यामुळे चॉकोलेटाच्या गडद रंगावरून त्यांचे प्रमाण ठरविता येत नाही. शिवाय त्यातील साखर व मेद यांचा भार शरीरावर पडतोच. सबब चॉकोलेट हे हृदयरक्षक औषध ठरत नाही.