स्वतः तिकीट काढून परदेशी जाताय? मग विमा नीट पाहून घ्या

आपल्या कष्टकरी कुटुंबांतील माणसे आता परदेश पाहू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. १९५० साली श्रीलंकेत आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत भरलेल्या बौद्ध परिषदांना बाबासाहेब गेले होते. ती भूमी आपणही एकदा पाहावी, लुंबिनीला जावे, अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचे दंतधातू विहार पाहावे, असे अनेकांच्या मनात असते. कुणी प्रॉव्हिडंट फंडातून, कुणी बोनसमधून, तर कुणी बचत गटातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून ही इच्छा पुरी करतात.

यात्रा कंपनीबरोबर जायचे तर खर्च जास्त येतो. म्हणून हल्ली घरातला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवरच विमानाचे तिकीट आणि राहण्याची खोली ठरवून टाकते. त्यात पैसे वाचतात, हे खरे. पण कंपनीच्या यात्रेत अडीअडचणीला धावणारा व्यवस्थापक बरोबर असतो आणि बहुधा विमाही काढलेला असतो. आपले आपण गेलो की या दोन्ही गोष्टींची जबाबदारी आपल्यावर येते. व्यवस्थापक काही आपण नेऊ शकत नाही. विमा मात्र काढू शकतो आणि तो काढलाच पाहिजे.

इथले कार्ड तिथे चालत नाही

‘आमच्याकडे कामगार विम्याचे कार्ड आहे, आयुष्मान भारतचे कार्ड आहे, मग वेगळा विमा कशाला?’ असे पुष्कळ जण विचारतात. पण या योजनांचा उपचार भारतातील ठरलेल्या इस्पितळांतच मिळतो. साधी मेडिक्लेम पॉलिसीही बहुतेक वेळा देशापुरतीच असते. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, सरहद्दीवर कुणी विमापत्र मागत नाही. त्यामुळे ते परके राष्ट्र आहे हे आपण विसरतो. इस्पितळाचे बिल मात्र तिथेही खिशातूनच भरावे लागते.

समजा, नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीसह कोलंबोला गेले. तिसऱ्या दिवशी छातीत दुखू लागले. खासगी इस्पितळ दाखल करून घेण्यापूर्वी पैशाची हमी मागते. बरोबर नेलेली रक्कम जेवणाखाण्यापुरती. अशा वेळी मुलाने इकडे कर्ज काढायचे की आईचे दागिने गहाण टाकायचे? हा प्रसंग टळावा म्हणूनच प्रवास विमा असतो. सामान हरवणे, विमानाला उशीर होणे या गोष्टी त्यानंतरच्या. पॉलिसी निवडताना सर्वांत आधी औषधोपचाराचे कलम वाचावे.

काय काय पाहावे?

परदेशी विम्याची रक्कम बहुधा अमेरिकन डॉलरमध्ये लिहिलेली असते. ५० हजार डॉलरचा विमा म्हणजे आपले चाळीस लाखांहून अधिक रुपये झाले. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी निदान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. शेजारच्या देशांत जाताना अशी सक्ती नसली तरी हा आकडा मनात धरून तुलना करता येते. अमेरिका व कॅनडा वगळलेली योजना स्वस्त पडते. आशियापुरती योजनाही मिळते, पण काही कंपन्या त्यातून जपान वगळतात. तेव्हा आपण जाणार तो देश यादीत आहे ना, हे आधी पाहावे.

एकूण रक्कम मोठी दिसली म्हणून भुलू नये. वयस्कर प्रवाशांच्या योजनांत खोलीचे भाडे, डॉक्टरची फी, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळी मर्यादा घातलेली असू शकते. शिवाय प्रत्येक दाव्यात पहिले ठरावीक डॉलर आपण भरायचे, असे कलम असते. ती रक्कम १०० डॉलर असेल तर त्याखालचे किरकोळ बिल आपल्यालाच सोसावे लागते. रुग्णाला मायदेशी हलवण्याचा खर्च, आणि दुर्दैवाने मृत्यू आला तर पार्थिव घरी आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, हेही विचारावे. बोलायला हे कठीण वाटते, पण प्रसंग आलाच तर हा खर्च सामान्य घराला पेलत नाही.

बीपी आणि शुगर लपवू नका

विम्याच्या अर्जात ‘आधीपासून काही आजार आहे का?’ असा प्रश्न असतो. अनेकदा एजंट किंवा घरातलेच कुणी ‘नाही’वर खूण करून मोकळे होते. हप्ता थोडा कमी व्हावा, इतकाच हेतू असतो. इथेच मोठा घात होतो. इस्पितळात गेल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो चालू गोळ्यांचा, आणि उत्तर केसपेपरवर लिहिले जाते. कंपनी तो कागद मागवते. अर्जात एक आणि केसपेपरवर दुसरे दिसले की दावा नाकारला जातो.

म्हणून बीपी, शुगर, दमा, पूर्वीची शस्त्रक्रिया, जे असेल ते खरे लिहावे. आधीचा आजार अनेक पॉलिसींत वगळलेला असतो. काहींत मात्र त्यातून जिवावरचे संकट आले तर ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च मिळतो. आईवडील साठीच्या पुढचे असतील तर अशीच पॉलिसी शोधावी, मग हप्ता चार पैसे जास्त पडला तरी चालेल. अर्ज मुलाने भरला तरी सही करण्यापूर्वी तो आईवडिलांना वाचून दाखवावा.

स्वतः ठरवलेल्या प्रवासातील खाचखळगे

दोन विमानांची तिकिटे वेगवेगळी काढली आणि पहिल्याला उशीर होऊन दुसरे चुकले, तर दुसरी विमान कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. ही भरपाई आपल्या पॉलिसीत आहे का आणि किती तासांच्या उशिरानंतर मिळते, ते पाहावे. सहल रद्द झाल्याची भरपाई फक्त पॉलिसीत लिहिलेल्या कारणांसाठीच मिळते. ‘जावेसे वाटले नाही’ हे कारण त्यात बसत नाही आणि व्हिसा नाकारला गेला तरी बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

तिकीट काढताना खाली विम्याचा एक चौकोन दिसतो. त्यावर खूण केली म्हणजे काम झाले, असे समजू नये. त्या विम्यात औषधोपचार किती आहे, हे वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. विमा भारतातून निघण्यापूर्वीच काढावा आणि निघण्याच्या दिवसापासून घरी पोचण्याच्या दिवसापर्यंतचे सर्व दिवस त्यात धरावेत. तरुण मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे. थायलंडमध्ये भाड्याने स्कूटर मिळते, पण तिथे चालणारा परवाना नसताना किंवा दारू पिऊन अपघात झाला तर विमा उपयोगी पडत नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी आपल्या आर.टी.ओ.तून काढता येतो.

प्रसंग आलाच तर

पॉलिसीवर चोवीस तास चालणारा मदतीचा दूरध्वनी क्रमांक असतो. तो वहीत लिहून न्यावा, एक प्रत घरी ठेवावी. इस्पितळात दाखल होण्यापूर्वी, किंवा तातडीचे असेल तर दाखल होताच, त्या क्रमांकावर कळवावे. म्हणजे बिल थेट कंपनीने भरण्याची सोय होऊ शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मूळ बिले, विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवावेत. सामान हरवले तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच विमान कंपनीकडून तक्रारीचा कागद घ्यावा. पासपोर्ट किंवा पैसे चोरीला गेले तर पोलिसांत नोंद करावी.

दावा अन्यायाने नाकारला तर गप्प बसू नये. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारींचा निवाडा होतो. विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा मदत क्रमांकही आहे.

तेव्हा वाचकहो, तिकिटासाठी चार ठिकाणचे भाव पाहता, तसे विम्यासाठी निदान तीन पॉलिसींचे कागद मागवा. घरातली शिकलेली मुले त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी मोठ्याने वाचून दाखवतील. एका संध्याकाळचे हे काम आहे. ते निघण्याच्या आदल्या रात्रीवर टाकू नका.