परदेशी मुलाखत देताना

परदेशी राहून चळवळीचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांपुढे कधी ना कधी वार्ताहर येतो. दि. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास ६ विरुद्ध १ मतांनी कायद्याने बंदी केली, ही बातमी जगभर गेली. अशा वेळी हमखास प्रश्न येतो, ‘तुमचा स्वतःचा अनुभव सांगा.’ येथे क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. एच-१बी व्हिसावरील माणसाचे तेथील वास्तव्यच नोकरीवर अवलंबून असते. नाव छापून आले की कचेरीत जात कळते, आणि कळलेली जात पुन्हा झाकता येत नाही. (झाकावी का, हा प्रश्न वेगळा, तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, संस्थेने नव्हे.) म्हणून नाव द्यायचे की नाही, हे तोंड उघडण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. नंतर विनवणी केली तर सारे वार्ताहराच्या मर्जीवर राहते.

माहितीही चोख हवी. कॅलिफोर्नियात दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या एस.बी. ४०३ विधेयकावर गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकाराधिकार वापरला. असा भेदभाव चालू कायद्यांनी आधीच निषिद्ध आहे, असे कारण दिले. ‘तेथे कायदा झाला’ असे आपल्यापैकी एकाने बोलून टाकले, तर विरोधक नेमके तेवढेच वाक्य उचलतात.